नाक्याचा दगड

दगडाला दगड म्हणायला मला आजवर कधी भीती वाटली नाही. गावातले लोक त्याला नाक्याई म्हणतात, नवस बोलतात, मंगळवारी नारळ फोडतात. त्यांचं त्यांच्यापाशी. मी मात्र त्याला नाक्याचा दगडच म्हणत आले, आणि कुणी ऐकत असेल तर जरा मोठ्यानंच म्हणत आले.

परवा शेवंताचा फोन आला. शेवंता माझ्या वयाची, धनगराची. तिचा जन्म त्या गावातला, लग्नही त्याच गावात. मी सोलापूरला, आणि सोलापूर लांब आहे म्हणून ती फोनवर नेहमी ओरडून बोलते.

"अगं बाई, कवच सुटलं! सगळा शेंदूर खाली आला बघ. दगूड उघडा पडलाय. आन् आक्काचा त्यो 'ग' हाय तसा हाय. मंगळवारी पुन्ना शेंदूर घालणारेत. यायचं तर त्याच्या आत ये."

देवाला वर्षानुवर्षं शेंदूर लावत गेलं की त्याची जाड खपली होते, आणि कधीतरी ती आपल्या आपण सुटून पडते. देवानं कवच सोडलं असं म्हणतात आमच्याकडे. मग ती खपली वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडायची आणि देवाला नवा शेंदूर चढवायचा. मधले जे चार-सहा दिवस असतात, तेवढेच काय ते दगड दगडासारखा दिसतो. मी पिशवीत खडूची पेटी टाकली, पाण्याची बाटली टाकली, आणि सकाळची एस. टी. धरली.

खिडकीतून येणारी हवा गरम होती. वैशाख लागला होता. या हवेत माझ्या नाकात आपोआप एक वास येतो, आणि तो कशाचा हे मला कुणी विचारलं तर मी दोन शब्दांत सांगते: जवसाच्या तेलाचा. कढईत तापलेल्या, किंचित करपलेल्या, ओल्या गवतासारखा आणि जुन्या लाकडासारखा एकदम वास येणाऱ्या तेलाचा. तो वास माझ्या शाळेचा आहे.

आमचं गाव सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. निजामाचं राज्य होतं तेव्हा त्याची हद्द इथं सुरू व्हायची, म्हणून इथं जकातीचा नाका होता. करोडगिरीचा नाका म्हणायचे त्याला. दोन खोल्यांची दगडी इमारत, पुढं कडुनिंब, आणि निंबाखाली हा काळा दगड. बैलगाडीच्या साट्याएवढा रुंद, चांगला घडवलेला, गुडघाभर उंच चौथऱ्यावर आडवा बसवलेला. येणाऱ्या गाड्यांमधली पोती या दगडावर उतरवायची, फोडायची, तपासायची. माझे वडील, अण्णा, त्या नाक्यावर मुनशी होते.

मला नाका आठवतो तो बंद पडलेला. राज्य गेलं, मुलूख सामील झाला, मग केव्हातरी नाकाही उठला. वजनकाट्याचा आकडा तेवढा आढ्याला लोंबत राहिला होता आणि वारा आला की कुरकुरायचा. आत शिरलं की गुळाचा, तागाचा आणि मिरचीचा वास यायचा. पोती जाऊन काळ लोटला तरी मिरची भिंतींत मुरलेली होती. उन्हानं भिंती तापल्या की आम्हाला शिंकांवर शिंका यायच्या. आम्ही मुद्दाम जायचो, शिंका द्यायला.

अण्णांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. त्यांचं उर्दू अक्षर इतकं सुरेख होतं, की लोक कागद वाचायच्या आधी नुसता बघत बसायचे. नाका उठल्यावर त्यांना तुळजापूरच्या कचेरीत घेतलं, आणि बघता बघता तिथला सगळा कारभार मराठीत गेला. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. उजवीकडून डावीकडं धावायची सवय असलेला अण्णांचा हात मराठी अर्ज लिहायला बसला की बिचकायचा. चाळिशीतला माणूस, काळी टोपी, पांढरा कोट, आणि 'क्ष' आला की कपाळावर घाम.

त्याच सुमारास माझी आत्या सोलापूरहून परत आली. एक ट्रंक, एक पितळी तांब्या, आणि बोलण्यात एक धार. ती का आली हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिचा नवरा मास्तर होता आणि त्या घरात ती लिहाय-वाचायला शिकली, एवढं मला ठाऊक. अण्णांहून ती मोठी. अण्णा तिला आक्का म्हणायचे, मग सगळं गावच तिला गोदाक्का म्हणायला लागलं. घरात बसून राहणं तिला जमेना. दुपारी कामं आटोपली की ती नाक्यापुढच्या दगडावर जाऊन बसायची, पाय खाली सोडून, रस्त्याकडं तोंड करून. बाईमाणसानं असं रस्त्यावर बसावं का, यावर गावात बरीच चर्चा झाली. चर्चा संपेपर्यंत आत्या तिथंच बसलेली होती.

गावात शाळा होती, मारुतीच्या देवळात भरायची. मुलींना जाऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं, पण जा असंही कुणी म्हणत नव्हतं. शेवंताच्या मागं शेळ्या होत्या. जुबेदाच्या कडेवर कायम तिचा धाकटा भाऊ. जुबेदा पिंजाऱ्याची, तिच्या केसांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मी मुनशीची मुलगी, मला शेळ्याही नव्हत्या आणि भाऊही नव्हता, तरी मीही घरीच. एक दिवस आत्यानं दगडावरून शेवंताला हाक मारली.

"शेळ्या निंबाला बांध आन् बस हितं."

"कशापायी?"

"नाव लिवायला शिकवते."

"कुणाचं?"

"तुजंच. दुसऱ्याचं लिवून काय करायचंय?"

शेवंतानं शेळ्या बांधल्या आणि आमची शाळा सुरू झाली.

खडू नव्हता. आत्यानं पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, निंबाची काडी चावून तिचा कुंचला केला, आणि दगडाच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठा 'ग' काढला. गमभनमधला पहिला. आम्ही तिघी त्याच्याभोवती उकिडव्या बसून बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो पुसायला गेलो तर पुसेना. ओल्या फडक्यानं घासलं, काथ्यानं घासलं, 'ग' तसाच. दगडानं तो पिऊन टाकला होता. पुढं अण्णांनी कचेरीतून खडू आणले, पण त्याचीही तीच गत. लिहिलेलं नीट जाईना, नुसतं पसरायचं. आठवडाभरात सगळा दगड राखाडी झाला आणि कालचं अक्षर कुठलं, आजचं कुठलं, काही उमजेना.

"दगूड तान्हेला हाय," आत्या म्हणाली. "आदी त्याला पाजावं लागंल."

घरात तेल म्हणजे करडीचं. आत्यानं तेच ओतलं, चांगलं वाटीवाटीनं, हात आखडता न घेता. ही चूक आमच्याच मुलखात होऊ शकते, कारण आमच्याकडं दुखऱ्या गुडघ्यापासून बैलगाडीच्या आसापर्यंत सगळ्याला करडीचंच तेल लागतं. ते वाळलंच नाही. अख्खा चैत्र तो दगड चिकट राहिला. निंबाचा फुलोरा गळून त्यावर चिकटला, धूळ चिकटली, मुंग्या आल्या, माझ्या परकराचा काठ चिकटून फाटला. शेवंताच्या शेळ्या चरायचं सोडून दगड चाटायला लागल्या आणि त्यांना ओढून नेता नेता शेवंता रडकुंडीला आली. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग मोठमोठ्यानं हसली. ती हसली की तिचं पान खाऊन लाल झालेलं तोंड सगळं दिसायचं. मग राख, रिठे आणि कढत पाणी घेऊन आम्ही सगळं तेल खरवडून काढलं.

सोलापूरच्या घरी दाराच्या चौकटीला जवसाचं तेल लावत, आणि ते वाळून कडक होई, हे तिला तेव्हा आठवलं. घाण्यावरून जवसाचं तेल आलं. वैशाखातली भर दुपार, दगड इतका तापलेला की टाच टेकवत नव्हती. नाक्याच्या भिंतीशी तीन दगडांवर लोखंडी कढई, तीत तेल, आणि आत्याच्या हातात गोणपाटाची चुंबळ. ती तेल गरम गरमच घालायची, गोल गोल चोळायची, आणि थोडा वेळ जाऊ दिला की कोरड्या गोणपाटानं सगळं पुसून काढायची. एवढं घातलेलं तेल पुसून काढायचं, हे आम्हाला पटेना.

"ज्येवढं त्यो पिईल त्येवढंच त्याचं," ती म्हणाली. "वर राहिलेलं चिकाट होतं. माया करायची म्हणून लई ओतायचं न्हाय."

मग ते उन्हात वाळू द्यायचं, आणि वाळलं की पुन्हा घालायचं. मधे तिनं मेण घालून बघितलं, तर खडू त्यावरून घसरायला लागला, म्हणून मेण काढलं. तेलात दिव्याची काजळी घालून बघितली, ती मानवली. एकदा तेलाची गोणपाटं बोचक्यात बांधून नाक्याच्या कोपऱ्यात ठेवली, तर ती आतल्या आत तापून धुमसायला लागली आणि शेजारी वाळत घातलेलं अण्णांचं धोतर जळालं. तेव्हापासून फडकी मोकळी पसरून वाळवायची, हा नियम झाला. नाक्यातून निघालेला धूर मात्र सगळ्या गावानं पाहिला.

वैशाख सरत आला तेव्हा दगड काळाभोर झाला होता. आत्यानं तांब्यानं त्यावर पाणी ओतलं. पाणी आत गेलं नाही. थेंब थेंब होऊन वरच उभं राहिलं, आणि आम्ही तिघी बोटांनी त्या थेंबांना पळवत बसलो. मग शेवंतानं खडूनं एक रेघ ओढली. पांढरी, लखलखीत. जुबेदानं ओल्या फडक्यानं ती पुसली, आणि ती गेली. पूर्ण गेली. चुकलेलं पुसता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी घरी येऊन आईला ते सांगितलं तर तिला त्यात काय विशेष ते समजेना.

पहिला 'ग' तेवढा खालीच राहिला. तेल त्याच्यावरून गेलं आणि तो आत कोंडला गेला, फिकट राखाडी, तिरप्या उन्हात स्पष्ट दिसणारा.

"ऱ्हाऊ द्या त्याला," आत्या म्हणाली. "पैलं अक्षर दगडाच्या बी ध्यानात ऱ्हायलं म्हणायचं."

त्या शाळेला घंटा नव्हती. ऊन निंबाच्या बुंध्यावरून सरकून दगडाच्या कडेला आलं की बसायचं, आणि गुरांच्या घंटा ऐकू आल्या की उठायचं. दगड दिवसभर तापलेला असायचा आणि मांड्यांना खालून ऊब लागायची. बोटांना खडू, केसांत निंबोळ्या, शेळ्यांचा उग्र वास, जुबेदाच्या भावाचं कुरकुरणं, आणि त्यावर आत्याचा आवाज. तिघींच्या सात झाल्या, मग मी मोजायचं सोडलं. आम्ही निघून गेलो की अण्णा कचेरीतून आल्या पावली तिथं थांबायचे. इकडंतिकडं बघून खडू उचलायचे आणि हळूच 'क्ष' काढायचे. आत्यानं त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं. ती बरा एक खडू मुद्दाम मागं ठेवून जायची.

आणि मग आश्विन आला.

तुळजापूरला जाणारे लोक सोलापूरच्या बाजूनं चालत यायचे, नवरात्रात आणि मग कोजागिरीपर्यंत. कवड्यांच्या माळा, हळदीनं माखलेली कपाळं, डोक्यावर परड्या, 'उदो उदो'चा गजर. त्याआधीच्या आठवड्यात आत्यानं दगडाला नव्यानं तेल दिलं होतं. तो निंबाखाली काळाकुळीत चमकत होता आणि कोपऱ्यात ते फिकट अक्षर. आता मला सांगा, या मुलखात तेल घातलेला काळा दगड झाडाखाली दिसला तर चालून दमलेली बाई दुसरं काय समजेल? एका म्हातारीनं परडी खाली ठेवली, मनोभावे कुंकू वाहिलं, आणि डोकं टेकलं. मागच्यांनी तिचं पाहून तेच केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खडू घेऊन गेलो तर शाळेवर हळदीकुंकवाचा थर, फुलं, नारळाची शकलं. आम्ही पोटभर खोबरं खाल्लं आणि दगड धुऊन काढला. तिसऱ्या दिवशी तेच. दसऱ्यापर्यंत दगडाला नाव मिळालं होतं: नाक्याई.

गावाला देव मिळाला की गाव मोठं होतं. लोक थांबतात, चहा पितात, मुक्काम करतात. थोरल्या पाटलांच्या ते लगेच ध्यानात आलं. पाटील वाईट माणूस नव्हता, आम्हाला येता-जाता गुळाचा खडा द्यायचा. पण देवी त्याला मनापासून पटली. वैशाखात नाक्यातून निघालेला धूरही आता साक्षीला आला. चावडीवर ठरलं की मंगळवारी दगडाला शेंदूर चढवायचा, भोवती कुंपण घालायचं, आणि मग त्यावर कुणी बसायचं नाही. बाईमाणसानं तर चढायचंच नाही. पाटील स्वतः आमच्या अंगणात सांगायला आले.

"आक्का, आता ती पोरींनी तुडवायची जागा न्हाय ऱ्हायली. देवी परगट झाली."

"पाटील, त्येल म्या घातलं," आत्या म्हणाली. "पैल्यांदा करडीचं घातलं तवा शेळ्या चाटायच्या. तवा न्हाय कुणाला देवी दिसली?"

"तुमच्या हातनं घालून घेतलं तिनं. नशीबवान हाव तुमी."

"आन् आमी बसायचं कुटं?"

"हाय की देऊळ. हाय की घर. बसायला जागा काय कमी हाय?"

पाटील गेल्यावर आत्या म्हणाली, "घर! घरात बसायला म्या काय सोलापूर सोडलं?" एवढंच. शेंदूर एकदा चढला की निघत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. चिंधीत गुंडाळलेला माझा खडूचा तुकडा मी हातात घट्ट धरून बसले.

मंगळवारी सकाळी हलगी वाजायला लागली. पितळेच्या पातेल्यात तेलात कालवलेला शेंदूर, हार, नारळ, पाटील, गुरव, अख्खं गाव. आणि दगडाच्या मधोमध आत्या, मांडी घालून. तिच्याभोवती आम्ही. शेवंताच्या शेळ्या निंबाला. जुबेदाच्या मांडीवर तिचा भाऊ. प्रत्येकीपुढं तिचं तिचं नाव, खडूनं लिहिलेलं, ठळक.

हलगी थांबली.

"आक्का, उठा," पाटील म्हणाले. "देवीच्या अंगावर बसायलाव तुमी."

"अंगावर न्हाय, मांडीवर. आई हाय म्हणता न्हवं? मग लेकी आईच्या मांडीवर न्हाय बसायच्या तर कुणाच्या?"

गुरव पुढं आला. "आन् ती पिंजाऱ्याची पोर?"

"तिला काय आई लागत न्हाय?"

कुणीतरी मागं हसलं. पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी गर्दीत अण्णांना शोधलं. अण्णा कचेरीत जायच्या पोशाखात, काळी टोपी घालून, कडेला उभे होते.

"मुनशीजी, बहिणीला समजवा. सरकारी नोकर हाव तुमी. तकरार वर गेली तर जड जाईल."

अण्णा कुणाशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. राज्य बदललं, भाषा बदलली, साहेब बदलले, ते मान खाली घालून नव्या कागदावर जुन्याच निष्ठेनं लिहीत राहिले. मला वाटलं, आता संपलं. ते दगडापाशी आले. चपला काढल्या. धोतराचा सोगा सावरला.

"आक्का, सरक जरा," ते म्हणाले.

आत्या सरकली, आणि अण्णा तिच्या शेजारी बसले. मी आयुष्यात बरीच शूर माणसं पाहिली, पण त्या तीन शब्दांपुढं मला दुसरं काही आठवत नाही.

कोंडी फुटली ती रस्त्यावरच्या लोकांमुळं. कोजागिरीला निघालेला एक जथा तेवढ्यात येऊन थांबला. पुढं कवड्यांची माळ घातलेली एक बाई होती, पायांना फोड आलेली. तिनं काळा दगड पाहिला, त्यावर बसलेल्या मुली पाहिल्या. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आश्विनात कुमारिकांची पूजा करतातच. तिनं एकेकीच्या पायाला हात लावला, कपाळाला लावला, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, जुबेदाच्याही, तिच्या भावाच्याही. तिच्यामागच्या बायांनी तसंच केलं. शेवंताला गुदगुल्या झाल्या आणि ती फिदीफिदी हसत सुटली. जथा 'उदो उदो' करत निघून गेला. पाटील त्या पातेल्याकडं बघत राहिले. शेवटी गुरवानं शेंदूर उचलला आणि नाक्याच्या भिंतीतल्या कोनाड्याला लावला. गावाला देवी मिळाली आणि दगड आमच्याकडं राहिला.

पुढं सरकारी शाळेत मुली जायला लागल्या. जुबेदा लग्न होऊन उमरग्याला गेली आणि तिथून कार्डं पाठवायची, वळणदार अक्षरात. मी सोलापूरला गेले. आत्या प्रत्येक वैशाखात दगडाला तेल देत राहिली, हात चालेनासे झाले तेव्हा शेवंताकडून देववत राहिली. ती गेली आणि वर्षही सरलं नाही तोच दगडाला शेंदूर चढला. ज्यांना ती जिवंत असताना हिंमत झाली नव्हती, त्यांनी ती नसताना काम उरकलं. तेव्हापासून मी त्याला मोठ्यानं दगड म्हणते.

एस. टी.तून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्ता आता चौपदरी, नाका केव्हाच पाडलेला, निंब मात्र आहे. दगडावर पत्र्याचं छप्पर, भोवती स्टीलचा कठडा, आणि एक पाटी: 'महिलांनी चौथऱ्यावर चढू नये.' पाटीवरचं अक्षर गिचमिड होतं. शेवंता काठी टेकून माझी वाट बघत होती. "आलीस व्हय," म्हणाली आणि माझी पिशवी चाचपून बघितली.

दगड उघडा होता. मी कठड्यातून हात घालून त्यावर पाणी ओतलं. थेंब थेंब होऊन उभं राहिलं. इतक्या वर्षांचा शेंदूर वरच्यावरच राहिला होता. आत शिरायला त्याला जागाच नव्हती, तिथं आधीपासून आत्याचं तेल होतं. म्हणून खपली सुटली ती स्वच्छ सुटली. आणि वरच्या कोपऱ्यात तो फिकट 'ग', तिच्या हाताच्या वळणाचा, काना खाली जरा लांब ओढलेला.

दोन पोरं मोबाइलवर त्याचे फोटो काढत होती. एक जण थोरल्या पाटलांच्या घरातला, पणतू असावा, नाक तेच होतं.

"आजी, दर्शन घ्या लांबूनच," तो नम्रपणे म्हणाला. "अक्षर परगट झालंय बघा आतून. लोक लांबून लांबून यायलेत."

"परगट न्हाय झालं. ते माझ्या आत्यानं काढलंय. चुन्यानं."

तो हसला. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसा. मी कठड्याचं दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं. सगळा धाक त्या पाटीचाच. चपला काढल्या, गुडघ्यावर हात टेकला, आणि चौथऱ्यावर चढले.

"आजी! ओ आजी! उतरा खाली, बायांना चालत न्हाय. उद्या शेंदूर हाय."

मी बसले. मांडी नीट घालता येत नाही आता, एक पाय लांब सोडावा लागतो. दगड तापलेला होता आणि ऊब तशीच खालून लागली. मी पेटीतला खडू काढला आणि त्या 'ग'पासून चांगलं हातभर अंतर सोडून, मोठ्या अक्षरात, लिहिलं: गोदाक्का.

लोक जमायला लागले. पोरगा कुणालातरी फोन लावत होता, "लवकर या, एक म्हातारी चढून बसली" असं काहीतरी सांगत होता. रागावलेली माणसं, बघे, दोन-तीन बाया पदर तोंडाला लावून. मी कुणाकडं बघितलं नाही. येऊ दे ज्याला यायचं त्याला. उतरवायचं असेल तर हाताला धरून उतरवावं लागेल, मी आपल्या पायानं उतरणार नाही, एवढं माझं पक्कं होतं.

कठड्याचं दार पुन्हा वाजलं. काठीचा ठोका आधी ऐकू आला, मग धाप.

"गुडगं कामातनं गेल्यात मेले," शेवंता म्हणाली. "हात दे."

मी हात दिला. ती वर आली, काठी आडवी ठेवली, माझ्याकडं न बघता खडूसाठी हात पुढं केला.

"सरक जरा," ती म्हणाली.